अस्सल बरहुकूम

चित्रीकरणाच्या यंत्राला थोड्या जागेत पुष्कळ साठवायचे असते, आणि संकलनाच्या यंत्राला त्या साठ्यातील हव्या त्या क्षणापाशी तत्काळ पोचून तेथे कात्री चालवायची असते; या दोन प्रयोजनांत जो मूलभूत विरोध आहे, तो मिटवण्याच्या खटाटोपात माझ्या उमेदीची वर्षे गेली. अरुणावतीच्या काठच्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी, नागपूर-तुळजापूर रस्त्यालगतच्या एका गाळ्यात बसून, लग्नांच्या, उरुसांच्या, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या आणि क्वचित राजकीय सभांच्या चित्रफिती मी एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेत आलो. आमच्याकडे या साऱ्या उद्योगास सरसकट मिक्सिंग म्हणतात, आणि त्यातील गाणी, फुलापानांच्या चौकटी, वधूवरांच्या नावांची अक्षरे ही अंगे लोकांच्या परिचयाची असतात. परंतु त्यांच्याही आधी जे रूपांतराचे काम करावे लागते, ते कोणास दिसत नाही, त्याचा मोबदला वेगळा मिळत नाही, आणि ते बिघडले तरच त्याचे अस्तित्व ध्यानी येते. त्या कामाविषयी काही लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

माझी उमेदवारी व्हीएचएसच्या अखेरच्या काळात झाली. एका व्हीसीआरवरून दुसऱ्या व्हीसीआरवर निवडक भाग उतरवून घेणे, हेच तेव्हा संकलन होते. प्रत्येक उतरवणीत रंग फिके पडत, कडा विरघळत, आणि तिसऱ्या पिढीच्या कॅसेटीत मांडवातले चेहरे केवळ घरच्यांनाच ओळखू येत. याच सामग्रीवर, लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या मंडळींनी, मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा सबंध चित्रपट उभा केला होता, हे पुढे कळले तेव्हा आपल्या धंद्याविषयी मनात एक नवा आदर उत्पन्न झाला. मग डीव्ही आले. १९९५ साली निघालेल्या या पद्धतीत ७२० बाय ५७६ बिंदूंची प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे, शेजारच्या चौकटीचा कोणताही आधार न घेता साठवली जाई. फायरवायरची तार जोडून कॅसेट चालवली की तासाभराचे चित्र तासाभरात, सुमारे १३ जीबी जागा व्यापून, संगणकात उतरे आणि जेथे हवे तेथे कापता येई. चित्रीकरणाचे स्वरूप आणि संकलनाचे स्वरूप एकच असण्याचे ते सुख होते. ते सुख होते हे मात्र ते गेल्यावरच समजले.

एचडीव्हीचे मानक २००३ साली ठरले आणि त्यानंतर काही वर्षांनी ते कॅमेरे आमच्या भागात पोचले. कॅसेट तीच, तार तीच, आणि सेकंदाला २५ मेगाबिट हा वेगही तोच. मात्र चित्र १४४० बाय १०८० बिंदूंचे, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ पावणेचारपट. एवढी काटकसर कोठून साधली, याचा उलगडा जेव्हा झाला, तेव्हा या व्यवसायातील माझे खरे शिक्षण सुरू झाले असे मी मानतो. एचडीव्ही प्रत्येक चौकट पूर्ण साठवीत नाही. बारा चौकटींच्या एका गटात एकच चौकट संपूर्ण असते. उरलेल्या अकरांमध्ये केवळ मागच्या-पुढच्या चौकटींच्या तुलनेत काय हलले, काय बदलले, एवढीच नोंद असते. पाहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, कारण तो क्रमाने पाहतो. परंतु संकलकाने गटातील सातव्या चौकटीवर बोट ठेवले, की संगणकाला गटाच्या मूळ चौकटीपर्यंत मागे जाऊन तेथून हिशेब करीत यावे लागते. वधूने मान वर केली त्या नेमक्या क्षणी छेद द्यावा, तर चित्र अडखळे, आवाज पुढे जाई, आणि त्या काळचे आमचे संगणक एवढ्या हिशेबाखाली थिजून बसत. याखेरीज फितीवर धुळीचा एक कण आला तरी डीव्हीमध्ये जेथे चार ठिपके बिघडत, तेथे एचडीव्हीमध्ये सबंध गटच, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, नाहीसा होई.

यावर तोड एकच होती: चित्रीकरणाचे आटोपशीर स्वरूप उलगडून, प्रत्येक चौकट पुन्हा स्वयंपूर्ण करून, एका मधल्या स्वरूपात ती साठवायची आणि मगच संकलनास बसायचे. मोठ्या शहरांतील स्टुडिओंत यासाठी २००४ पासून एव्हिडचे डीएनएक्सएचडी आणि २००७ पासून ॲपलचे प्रोरेस वापरीत. आमच्यासारख्यांकडे, जेथे एडियस या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर काम चालत असे, तेथे कॅनोपसचे एचक्यू हे स्वरूप रूढ झाले. तिन्हींचे तत्त्व एकच: आकार वाढू द्यावा, पण यंत्राचे श्रम कमी करावेत. एचडीव्हीचा जो तास साडेअकरा जीबीत मावत असे, तोच प्रोरेसच्या प्रमाण प्रतीत पंचावन्न जीबीच्या घरात जाई. लग्न दोन कॅमेऱ्यांचे असले आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत सारे टिपलेले असले, की एका लग्नाला एक हार्ड डिस्क अपुरी पडे. पाहुण्यांनी कुतूहलाने विचारावे की, एवढी जागा घेऊन चित्र अधिक स्पष्ट होते काय. आणि मी उत्तर द्यावे की, नाही, तिळमात्रही होत नाही, ते केवळ हाताळण्याजोगे होते. पैसे देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगणे या धंद्यात सर्वांत कठीण, आणि तरीही ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. कारण ‘एचडी करून देतो’ अशा जाहिरातीखाली जुन्या चित्रफिती फुगवून विकण्याचा व्यवहार त्याच काळात पुष्कळ ठिकाणी चालला होता.

रूपांतर म्हणजे प्रतीक्षा. ती वर्षे भारनियमनाची होती. ऐन लग्नसराईत, वैशाखातल्या उन्हात, वीज केव्हा जाईल याचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले असे आणि वीज ते पाळीत असे असेही नाही. रूपांतरित फायलीचा पुष्कळदा असा स्वभाव असतो की, तिच्यात काय कोठे आहे याची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते. काम शेवटाला आले असताना वीज गेली, तर डिस्कवर चाळीस जीबी मजकूर असतो आणि तो उघडता मात्र येत नाही. त्यामुळे सबंध लग्न एका दमात रूपांतरास न लावता विधींप्रमाणे तुकडे पाडण्याची शिस्त मी लावून घेतली: हळद निराळी, सीमांतपूजन निराळे, मंगलाष्टके निराळी, पंगत निराळी. प्रत्येक तुकडा पूर्ण झाला की त्याचा आरंभ, मध्य आणि शेवट पाहून वहीत खूण करावयाची. वीज मुबलक झाल्यावरही ही शिस्त मी सोडली नाही, कारण तिने आणखी एक लाभ होतो: रूपांतर करतानाच सारी सामग्री एकदा डोळ्यांखालून जाते आणि संकलनाचा आराखडा मनात आपोआप तयार होऊ लागतो.

आर्णीच्या आसपास बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत, आणि तांड्यावरच्या लग्नाचे चित्रीकरण ही रूपांतराची कठोर परीक्षा असते. स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवर भिंगे जडवलेली असतात; त्या फेर धरून नाचू लागल्या की प्रत्येक भिंग सूर्य टिपते आणि सोडते, आणि दर क्षणाला चौकटीतला कणन् कण बदलतो. मागच्या चौकटीच्या आधारे पुढची चौकट साठवणाऱ्या पद्धतीला येथे आधारच उरत नाही. अशाच एका लग्नाची सामग्री दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांची मिळून माझ्याकडे आली, एक डीव्ही आणि एक एचडीव्ही. दुसऱ्या गावच्या एका मिक्सिंगवाल्याने ती आधी एकत्र करून दिली होती. संगणकाच्या पडद्यावर सारे ठीक दिसे, पण डीव्हीडी घरच्या टीव्हीवर लावली की नाचणाऱ्या बाया जागच्या जागी थरथरत आणि उभी असलेली माणसे मात्र स्थिर दिसत. यजमानांना वाटले कॅसेटच खराब आहे.

कॅसेट निर्दोष होती. त्या काळच्या चित्रात प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांची असे. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि त्या दोहोंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. डीव्ही खालच्या ओळींचा भाग आधी दाखवते, एचडीव्ही वरच्या ओळींचा. रूपांतर करताना हा क्रम उलटा लागला, तर काळ एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे असा चालू लागतो. स्थिर वस्तूवर त्याचा परिणाम नाही, हलत्या वस्तूवर मात्र तो कंपाच्या रूपाने प्रकटतो. क्रम दुरुस्त करून मूळ कॅसेटींवरून पुन्हा सारे केले, तेव्हा भिंगे भिंगांसारखी चमकू लागली. संगणकाचा पडदा हा दोष लपवतो, म्हणून जाड काचेच्या नळीचा एक जुना टीव्ही मी केवळ परीक्षेसाठी गाळ्यात ठेवला, आणि त्यावर पाहिल्याशिवाय एकही प्रत बाहेर जाऊ दिली नाही.

रंगांचा धडा एका मातेने दिला. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी घेऊन त्या आल्या आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच म्हणाल्या, “भाऊ, हा रंग माह्या लेकीच्या शालूचा नाही.” ही डीव्हीडी अन्यत्र तयार झाली होती, मूळ चित्रीकरण तेवढे माझ्या एका सहकाऱ्याचे होते. मी मूळ आणि प्रत शेजारी शेजारी लावून पाहिली. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते: हिरवा किंचित भडक झाला होता आणि कुंकवाचा लाल किंचित काळवंडला होता. उच्च दर्जाच्या चित्रात प्रकाश आणि रंग यांची वाटणी ज्या गणिताने होते, ते गणित जुन्या टीव्हीच्या चित्राहून वेगळे आहे. एकाला ७०९ आणि दुसऱ्याला ६०१ अशा क्रमांकांनी आंतरराष्ट्रीय शिफारशींत ओळखतात. एचडीवरून डीव्हीडी करताना बिंदूंची संख्या तर कमी केली, पण गणित बदलायचे राहिले, की हा दोष उत्पन्न होतो. हजारांत एखाद्याच प्रेक्षकाला तो जाणवेल असे पुस्तके लिहिणारे म्हणोत. ज्या आईने तो शालू दुकानात हात फिरवून निवडला, तिला तो जाणवतोच, आणि आमचे काम शेवटी तिच्याचसाठी आहे. तेव्हापासून रंगाची खातरजमा मी कपड्यांवरून करू लागलो. शक्य असेल तेव्हा घरच्यांपैकी एखाद्या स्त्रीला पडद्यासमोर बसवूनच अंतिम प्रत काढू लागलो.

कॅसेट जाऊन मेमरी कार्ड आले, तेव्हा उतरवण्याचा तास वाचला, पण नवे घोटाळे सुरू झाले. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली पुढे आणलेल्या एव्हीसीएचडीमध्ये दाबण्याची रीत आणखी गुंतागुंतीची होती. कार्डावरील व्यवस्थेमुळे सलग चित्रणाच्या फायली ठरावीक आकाराला तुटत, आणि तुकडे पुन्हा कसे जुळवावेत याचा तपशील निराळ्या लहान फायलींत असे. घाईत असलेला माणूस फक्त मोठ्या फायली उचलून पेनड्राइव्हवर घेतो आणि लहान फायली निरर्थक समजून कार्ड पुसून टाकतो. एका लग्नात तो सांधा नेमका शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’वर आला, रूपांतर केलेल्या प्रतीत ‘सावधान’चे अर्धे अक्षर आणि अक्षता उधळण्याचा पहिला क्षण गायब. सुदैवाने दुसऱ्या कॅमेऱ्याचे कार्ड सर्व फोल्डरांसह जसेच्या तसे राखलेले होते, त्यावरून ध्वनी घेऊन तो क्षण भरून काढता आला. कार्डाची संपूर्ण रचना उतरवल्याखेरीज आणि ती दोन ठिकाणी ठेवल्याखेरीज कार्डाला हात लावावयाचा नाही, हा दंडक माझ्या गाळ्यात तेव्हापासून शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगितला जातो.

याच सुमारास एफएफएमपेगचा परिचय झाला. फाब्रिस बेलार्ड नावाच्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली आरंभलेले हे मोफत साधन मला एक मोठी गोष्ट शिकवून गेले: पुष्कळदा रूपांतराची गरजच नसते. संगणक फाइल उघडीत नाही, याचे कारण आतील चित्र नसून बाहेरचे वेष्टन असते. चित्राला स्पर्श न करता वेष्टन तेवढे बदलता येते, आणि ज्या कामाला पूर्वी रात्र लागे ते काही मिनिटांत, कणभरही हानी न होता आटोपते. प्रत्येक रूपांतरात काही ना काही गमावलेच जाते, हे एकदा मनाशी पक्के झाले, की जे रूपांतर टाळता आले तेच सर्वोत्तम, असे वाटू लागते. धंद्याच्या दृष्टीने हे मत फायद्याचे नाही, पण ते माझे मत आहे.

काळाचे विभाजन ही आणखी एक अडचण. आपल्याकडे सेकंदाला २५ चौकटी, अमेरिकेत आणि जपानात ३०. परदेशी राहणारे मामा-मावशी हौसेने आपले कॅमेरे घेऊन येत आणि ते चित्रण मुख्य चित्रफितीत घालण्याचा आग्रह धरीत. त्यात दोन दोष असत. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, म्हणून मांडवातील ट्यूबलाइट शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. तिकडच्या साठाव्या भागाच्या शटरशी त्यांचा मेळ न बसल्याने चित्रात उजेडाच्या लाटा फिरतात. दुसरे असे की, तिसांच्या पंचवीस करताना दर सहावी चौकट टाकावी तर चालणारा माणूस ठेचाळतो, आणि चौकटी एकमेकींत मिसळाव्यात तर त्याच्यामागे धूसर छाया येते. जेथे बोलणे नाही, तेथे मी कोणतीही चौकट न टाकता तिसांच्या तीस चौकटी पंचवीसच्या गतीने चालवू लागलो. गती थोडी मंदावते, आणि वरातीच्या किंवा नाचाच्या दृश्याला ती शोभून दिसते. मार्च २०१४ मध्ये आमच्याच तालुक्यातील दाभडी येथे नरेंद्र मोदी यांची शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ झाली, तेव्हा गावात कॅमेऱ्यांची दाटी झाली होती; पुढे काही मित्रांनी आपापल्या साधनांनी टिपलेले तुकडे एकत्र जोडून द्यावेत म्हणून माझ्याकडे आणले, त्यात व्हिडिओ कॅमेरे, फोटोचे कॅमेरे आणि मोबाइल असे सारेच होते. बोलणे होते, म्हणून मंद करण्याचा मार्ग तेथे बंद होता. मोबाइल तर उजेड कमी झाला की चौकटींची संख्याच मनाप्रमाणे बदलतो, आणि त्यामुळे दहा मिनिटांनंतर ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आधी प्रत्येक तुकडा एकाच स्थिर गतीत आणावा, मग आवाजावर आवाज जुळवावा, आणि त्यानंतरच चित्राकडे पाहावे, हा क्रम त्या कामात पक्का झाला.

आता ज्या प्रसंगाने या साऱ्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी ठरली, त्याविषयी. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याच्या उरुसाचे रात्रीचे चित्रीकरण मी अनेकदा हाताळले आहे. अंधारात चित्रावर दाणे येतात, ते काढून टाकण्याची सोय संगणकात असते, आणि रूपांतर करतानाच ते पुसावेत असा मोह होतो. परंतु दाणे पुसताना संदलच्या गर्दीतील दूरचे चेहरेही मेणासारखे गुळगुळीत होतात. तहसील कचेरीच्या दप्तरातून जुन्या फेरफाराची नक्कल मिळते, तिच्यावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारलेला असतो, आणि तो शेरा मारणारा कारकून मूळ कागदातील खाडाखोड स्वतःच्या मताने सुधारीत नाही; रूपांतर करणाराचेही कर्तव्य नेमके तेच, असे मला वाटते.

हे ज्यातून पटले तो प्रसंग असा. एका घरी मुलीचे लग्न होते. वडील वारलेले. त्यांचे हलते चित्र जगात एकच होते: कोणा नात्यातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटीत, पंगतीत बुंदीची परात घेऊन फिरताना, मिनिटापेक्षाही कमी. वधूच्या भावाला ते मांडवातील मोठ्या पडद्यावर, पडदा भरून, आणि स्वच्छ करून हवे होते. मी दोन प्रती केल्या. एक त्याच्या सांगण्याप्रमाणे: दोन्ही अंगांनी ताणलेली, दाणे पुसलेली, कडा उठावदार केलेली. दुसरीत चित्र मूळच्या चार-तीन प्रमाणातच मध्यभागी ठेवले, दोन्ही बाजूंस काळी जागा राहू दिली, आणि एकच गोष्ट कसोशीने केली: अर्ध्या ओळींच्या प्रत्येक भागापासून एक पूर्ण चौकट घडवून सेकंदाच्या पन्नासही क्षणांची चाल राखली, कारण सामान्य रीतीने त्यातले निम्मे टाकून दिले जातात. त्याने पहिली प्रत पाहिली आणि तो म्हणाला, “काका, बाबा असे रुंद नव्हते.” दुसरी पाहिल्यावर तो काही वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “ते असेच चालत, डाव्या पायावर जरा भार देऊन.” चेहरा अस्पष्टच होता. चेहऱ्याचा जो तपशील फितीवर कधी उमटलाच नाही, तो कोणतेही रूपांतर आणून देऊ शकत नाही. पण चाल फितीवर होती, आणि ती त्याला मिळाली.

आता संगणक समर्थ झाले आहेत. पूर्वीसारखी सारी सामग्री जड स्वरूपात उलगडून ठेवण्याऐवजी लहान, हलक्या तात्पुरत्या प्रती करून त्यांवर संकलन करतात आणि शेवटी मूळ चित्र जोडतात; मला ही रीत मनापासून पसंत आहे, कारण तिच्यात मूळ सामग्री शेवटपर्यंत अबाधित राहते. गाळ्यातील मुले माझ्यापेक्षा वेगाने काम करतात. त्यांना मी एवढेच बजावतो की, तात्पुरत्या प्रतीवरून अंतिम फाइल निघाली नाही ना, हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे.

माझा स्वतःचा वेळ सध्या एचडीव्हीच्या उरलेल्या कॅसेटी उतरवून घेण्यात जातो. त्या मी कोणतेही रूपांतर न करता, मूळच्या प्रवाहातच संगणकात घेतो, दोन निराळ्या डिस्कवर ठेवतो, आणि संकलनाची जड प्रत काम निघेल तेव्हाच बनवतो. चालू स्थितीतील यंत्र माझ्याकडे एकच उरले आहे. प्रत्येक तासाबरोबर त्याचे हेड झिजते आणि सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. म्हणून आर्णी, दिग्रस, घाटंजी, महागाव या बाजूच्या ज्या घरांत २००६ ते २०१२ च्या सुमाराच्या लग्नांच्या छोट्या कॅसेटी कपाटात पडून असतील, त्यांनी त्या पावसाळ्यापूर्वी आणाव्यात, आणि घरी कोणत्याही यंत्रात घालून पाहू नयेत. फितीला बुरशी धरली असेल तर ती आधी साफ करावी लागते, नाहीतर कॅसेट आणि हेड दोन्ही एकदमच निकामी होतात.